नववी ‘ब’मध्ये व्हिडिओ दाखवण्याआधी आणि दाखवल्यानंतर

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ठाण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत नववी ‘ब’च्या विज्ञानाच्या तासिकांना मी आंतरजालावरील व्हिडिओ वापरले. वाक्य लिहायला सोपे आहे, पण १८ जूनच्या पहिल्या अर्जापासून २१ ऑगस्टच्या पहिल्या तासिकेपर्यंत नऊ आठवडे गेले, आणि ती पहिली तासिका सपशेल फसली. माझ्यासारख्या एखाद्या शिक्षिकेला पुढच्या जूनमध्ये हेच करायचे असेल, तर तिचे निदान चार आठवडे वाचावेत म्हणून हा सगळा क्रम तारखांसह लिहून ठेवत आहे.

शाळेत प्रोजेक्टर होता. कुठल्याशा देणगीतून आलेला तो प्रोजेक्टर वरच्या मजल्यावरील संगणक कक्षात, पांढऱ्या चादरीखाली, कुलूपबंद होता. गेली काही वर्षे तो फक्त शिक्षक दिनाला बाहेर निघत असे. १८ जूनला, शाळा उघडून तीन दिवस झाले असताना, मी मोठ्या बाईंच्या नावे साधा अर्धा पानी अर्ज दिला: नववी ‘ब’साठी आठवड्यातून एक तासिका संगणक कक्षात घेण्याची आणि प्रोजेक्टर वापरण्याची परवानगी मिळावी. २१ जूनला तो शेरा मारून परत आला. दाखवायच्या साहित्याची यादी जोडलेली नव्हती, आणि संगणक कक्षाच्या वापराचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा लागेल असेही त्यात म्हटले होते. तेव्हा मला राग आला. आज विचाराल तर यादी मागितली हे बरेच झाले, कारण ती करायला बसल्यावरच मला कळले की मी मुलांना नक्की काय दाखवणार आहे याचा मी विचारच केलेला नव्हता.

यादीसाठी मी पाच रकाने आखले: पाठाचा क्रमांक, व्हिडिओचा विषय, कालावधी, भाषा आणि तो कोणी तयार केला आहे. तीन आठवडे रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दीड-दोन तास मी व्हिडिओ पाहत असे. नव्वदच्या आसपास पाहिले, त्यांतले चौदा यादीत गेले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड ‘दीक्षा’ या २०१७ पासून चालू असलेल्या सरकारी व्यासपीठावर नेतो. सुरुवात तिथून केली, कारण तिथली परिभाषा पुस्तकाचीच असते आणि व्हिडिओ अ‍ॅपमध्ये उतरवून घेता येतात. त्यानंतर अरविंद गुप्ता यांचे, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवणारे व्हिडिओ पाहिले. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांतले अनेक व्हिडिओ मराठीतही आहेत आणि बहुतेक दोन-तीन मिनिटांत संपतात. तिसरा साठा ‘नासा’चा. त्यांच्या बहुतेक चित्रफितींवर प्रताधिकार नसल्याने त्या निर्धास्तपणे उतरवून ठेवता येतात. प्रताधिकाराचा प्रश्न समितीत निघेल असे वाटले होते, म्हणून १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ शैक्षणिक संस्थेत विद्यार्थी-शिक्षकांपुरत्या मर्यादित प्रदर्शनाला सवलत देते, हेही अर्जात एका ओळीत लिहिले. प्रश्न कोणीच विचारला नाही, पण ती ओळ पाहून कार्यालयातील कारकुनांनी अर्ज अधिक आदराने फाइलला लावला, असा माझा समज आहे.

एक सूचना इथेच करते. यादीत घालण्याआधी प्रत्येक व्हिडिओ शेवटच्या सेकंदापर्यंत, नेहमीच्या वेगाने पाहावा. सहा मिनिटे चोख विज्ञान सांगून सातव्या मिनिटाला कुठल्याशा काढ्याची भलामण करणारे व्हिडिओ मला दोन सापडले.

१२ जुलैला यादीसह अर्ज पुन्हा दिला. २० जुलैची समितीची सभा गणसंख्येअभावी पुढे गेली आणि २७ तारखेला झाली. माझा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, शौचालयाच्या दुरुस्तीनंतर आला. एका पालकांनी सरळ विचारले, “बाई, घरी आम्ही पोरांच्या हातातून मोबाइल काढून घेतो, तुम्ही शाळेत परत तेच दाखवणार?” या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणाले की व्हिडिओ माझ्या हातात असेल, मुलांच्या नाही, आणि एका तासिकेत पाच मिनिटांहून जास्त चालणार नाही. पाच मिनिटांचा आकडा मी त्या क्षणी, सभेतून लवकर सुटका व्हावी म्हणून बोलून गेले. ठरावात मात्र तो शब्दशः लिहिला गेला आणि पुढे वर्षभर मला पाळावा लागला. त्या गृहस्थांचे माझ्यावर केवढे उपकार झाले हे मला सप्टेंबरात कळले.

ठरावाची नक्कल हाती आल्यावर प्रोजेक्टर लावून पाहिला, तर दिवा गेलेला. मग तीन दुकानांची कोटेशने, त्यांचा तुलनात्मक तक्ता, मोठ्या बाईंची सही, आणि दिव्याची वाट. तो १६ ऑगस्टला आला. दिवा ४,६५० रुपये, स्पीकरची जोडी १,३५० रुपये आणि दहा मीटरची एचडीएमआय केबल ६५० रुपये, असे ६,६५० रुपये शाळेच्या खात्यातून मिळाले. कक्षाच्या खिडक्या पश्चिमेला असल्याने दुपारच्या सत्रात पडद्यावर काहीच दिसत नव्हते, म्हणून स्टेशनजवळच्या बाजारातून बारा मीटर काळे कापड ६५ रुपये मीटरने आणले. त्याचे ७८० रुपये आणि एक्स्टेन्शन बोर्डाचे ४२० रुपये माझ्या खिशातून गेले, कारण दोन्ही दुकानांतून जीएसटी क्रमांक असलेली पावती मिळाली नाही. खरेदीला जाताना शाळेचे नाव नीट लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्यावी आणि पक्के बिल मिळणार नसेल तर पिशवी उचलूच नये, हे मी तेव्हापासून पाळते. शाळेचे इंटरनेट बेभरवशाचे असल्याने सगळे व्हिडिओ घरून पेनड्राइव्हवर नेण्याचे ठरले.

२१ ऑगस्टला, बुधवारी, पाचव्या तासिकेला मी चोपन्न मुलांना वर नेले. तासिका पस्तीस मिनिटांची. जिना चढून, चपला काढून, जागा धरून मुले बसेपर्यंत नऊ मिनिटे गेली. पेनड्राइव्ह लॅपटॉपने ओळखला नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून थेट लावायला गेले, तर आधी ऑनलाइन रमीची जाहिरात पूर्ण आवाजात लागली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. अखेर मुक्त पतनावरचा एक देखणा मराठी ॲनिमेशनपट, त्यातली सुरुवातीची पाच मिनिटे, सुरळीत चालली. मुले इतकी शांत मी क्वचित पाहिली होती. “समजलं का?” असे विचारल्यावर चोपन्न आवाजांत “हो बाई” आले आणि मी समाधानाने खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर एकच प्रश्न दिला: एक किलोचा आणि पाच किलोचा दगड दुसऱ्या मजल्यावरून एकदम सोडले, तर आधी कोणता पोहोचेल? ‘गतीचे नियम’ हा नववीचा पहिलाच पाठ जुलैत फळ्यावर शिकवून झाला होता, आणि ‘दोन्ही एकदम’ हे उत्तर आदल्या दिवशीच्या व्हिडिओत चित्रासह सांगितले होते. सदतीस मुलांनी ‘पाच किलोचा’ असे लिहिले. एका मुलीने तर कंसात ‘व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे’ असेही जोडले होते.

त्या चिठ्ठ्या घेऊन मी कळव्याच्या घरी आले आणि दोन दिवस कोणाशी त्याविषयी बोलले नाही. नऊ आठवडे, साडेसात हजारांहून अधिक रुपये, एक ठराव, आणि निष्पन्न हे. व्हिडिओंच्या शोधात असताना डेरेक मुलर यांचे नाव वाचनात आले होते. विज्ञानाचे व्हिडिओ करणाऱ्या या गृहस्थांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर पीएचडी केली आहे. आता ते पुन्हा शोधून वाचले. त्यांच्या प्रयोगात, बरोबर माहिती स्वच्छपणे सांगणारा व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांना तो सोपा व स्पष्ट वाटला, पण त्यांचे गुण जवळपास वाढलेच नाहीत. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत मांडून मग तिच्याशी वाद घातला होता, तो पाहणाऱ्यांना डोक्याला ताण पडल्यासारखे वाटले आणि त्यांचे गुण वाढले. आपल्याला हे आधीच माहीत आहे असे मनाने ठरवले की ते समोरचे पाहतच नाही. पाहते ते आपलेच जुने. माझ्या वर्गाचे अगदी हेच झाले होते, आणि ‘समजलं का?’ हा माझा प्रश्न त्या गैरसमजावर शिक्कामोर्तब करणारा होता.

गणपतीच्या सुट्टीनंतर, २४ सप्टेंबरला, मी पुन्हा वर गेले. या वेळी जोडतासिका मागून घेतली, शिपाई मामांना मधल्या सुट्टीतच पडदे लावायला सांगितले, आणि एकच चित्रफीत नेली. अपोलो १५ च्या मोहिमेत, २ ऑगस्ट १९७१ रोजी, डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातात १.३२ किलोचा भूशास्त्रीय हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे ०.०३ किलोचे पीस धरून दोन्ही एकदम सोडले होते. संपूर्ण दृश्य मिनिटभराचेही नाही. दोन्ही हात वर आहेत, अजून काही सोडलेले नाही, अशा चौकटीवर मी ते थांबवले आणि दिवे लावले. प्रत्येकाने वहीत अंदाज आणि त्याचे कारण शाईने लिहायचे, खोडायचे नाही. मग हात वर करून मतदान. ‘हातोडा आधी’ या बाजूने चाळीस हात. ‘दोन्ही तरंगत राहतील, कारण चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसते’ या बाजूने नऊ. उरलेल्या पाच जणांना ‘एकदम पडतील’ असे वाटत होते, आणि त्यांतल्या दोघांना कारण सांगता येत नव्हते. दहा मिनिटे वर्गात अक्षरशः भांडण झाले. तरंगण्याच्या बाजूच्या एका मुलाला दुसऱ्याने विचारले, “मग स्कॉट स्वतः कसा उभा आहे?” हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मग चित्रफीत पुढे सरकवली. पिसाला अडवायला चंद्रावर हवाच नाही; पीस आणि हातोडा एकदम खाली आले, आणि वर्गातून जो आवाज निघाला तो पहिल्या दिवसाच्या टाळ्यांसारखा मुळीच नव्हता.

तासिका उरली होती, म्हणून प्रयोगशाळेतील चारही स्टॉपवॉच आणले आणि पडण्याचा वेळ मोजायला दिला. चित्रफीत वीसेक वेळा मागेपुढे केली. आकडे १.१ सेकंदापासून १.६ सेकंदापर्यंत आले. आपले बोट उशिरा दाबले जाते हे मुलांच्याच लक्षात आले, म्हणून व्हीएलसी या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे जाते, ते दाखवले. सगळ्या मोजण्यांची सरासरी १.३६ सेकंद धरली. उंचीसाठी पडद्यावरच्या स्कॉटच्या आकृतीला फूटपट्टी लावून अंदाज केला, तो १.४ मीटर आला. पुस्तकातील गतीविषयक समीकरणात आरंभीचा वेग शून्य ठेवला की अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले म्हणजे त्वरण (वेग वाढण्याचा दर) मिळते. आमचे उत्तर सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. चंद्राचे खरे गुरुत्वत्वरण १.६२. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीवरून वस्तू जेमतेम अर्ध्या सेकंदात खाली येते, हेही त्याच समीकरणातून काढले. आमचे उत्तर चुकले म्हणून दोघे-तिघे हिरमुसले. ते का चुकले असावे याची कारणे लिहायला सांगितली, तर एका वहीत अंतराळपोशाखातल्या माणसाची उंची आपण नीट धरली नाही असे निघाले, एकीत कॅमेरा तिरका असेल असे. महिनाभराने तोच दगडांचा प्रश्न न सांगता विचारला, तेव्हा ‘पाच किलोचा’ म्हणणारे अकरा उरले होते. अकरा हा आकडा मला अजून टोचतो, पण सदतीसपेक्षा बरा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली: व्हिडिओ दोन-चार मिनिटांचा, उत्तर येण्याच्या आत थांबवायचा, अंदाज वहीत, वाद, मग उरलेला. समितीत सहज बोललेली पाच मिनिटांची मर्यादा कधी अपुरी पडली नाही. इंग्रजी व्हिडिओंचा आवाज बंद करून मी स्वतः मराठीत बोलते, कारण उच्चार कितीही स्पष्ट असले तरी मुलांचे अर्धे लक्ष शब्द पकडण्यात जाते आणि पुस्तकातले ‘त्वरण’, ‘बल’, ‘वारंवारता’ हे शब्द कानांवर पडत नाहीत. मतदानाचे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात तासिका संपेपर्यंत ठेवते.

ऑक्टोबर प्रथम सत्र परीक्षेत गेला. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाचे काम लागले, त्यामुळे पुढची तासिका थेट ४ डिसेंबरला झाली. तो व्हिडिओ माझ्या यादीतला नव्हता. एका मुलाने घरच्या ग्रुपवर आलेली चित्रफीत आणली होती: एक माणूस ओल्या हातात एलईडीचा बल्ब धरतो आणि तो पेटतो, खाली ‘शरीरातील वीज’ असे लिहिलेले. यादीबाहेरचा म्हणून मोठ्या बाईंची तोंडी परवानगी घेतली. अंदाजांचे मतदान झाले, आणि तब्बल तेवीस मुले शरीरातील विजेच्या बाजूने गेली. मी प्रयोगशाळेतला साधा बल्ब ओल्या हाताने धरून दाखवला. तो पेटला नाही. “बाई, तुमच्यात कमी असेल,” असे मागून कोणीतरी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने डब्याच्या पिशवीतून एक बल्ब आणला. तिचे वडील वागळे इस्टेटमध्ये वायरमनचे काम करतात. तो वीज गेल्यावरही चालणारा चार्जिंगचा बल्ब होता. तिने तळाच्या दोन्ही धातूंवर बोट टेकवले आणि तो पेटला. मग वडिलांनी उघडून दिलेला दुसरा, जुना बल्ब तिने बाकावर ठेवला: आत नखाएवढ्या सर्किटशेजारी एक लिथियमचा सेल. वीज गेली आहे की आपण बटण बंद केले आहे, हे त्या बल्बला ओळखावे लागते. बटण चालू असेल तर घरातल्या इतर उपकरणांमधून त्याच्या दोन टोकांमध्ये वाट जुळलेली असते. ओले बोट ठेवले की तशीच वाट जुळते, बल्बला वाटते वीज गेली, आणि तो आपल्याच सेलवर पेटतो. हे तिने “बाबांनी सांगितलं” म्हणून जसे सांगितले, त्यापेक्षा सोपे मला सांगता आले नसते. मी फक्त एवढी भर घातली की घरातल्या होल्डरमध्ये बोट घालून कोणीही काही तपासायचे नाही, आणि ते तीनदा सांगितले.

जानेवारीत ‘ध्वनीचा अभ्यास’ हा पाठ आला. अरविंद गुप्ता यांच्या एका व्हिडिओत स्ट्रॉचे टोक चपटे करून, त्रिकोणी कापून पिपाणी करतात आणि वाजवता वाजवता कात्रीने ती आखूड करत नेतात. प्रत्येक कापाला स्वर चढतो. चोपन्न स्ट्रॉ आणायला गेले तर बाजारात फक्त कागदी, कारण १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे. कागदी स्ट्रॉ दोन फुंकरांत ओली होऊन मिटली. पंचवीस जणांच्या तोंडात लगदा, आणि मी हताश. तेव्हा शिपाई मामा दारातून म्हणाले, “बाई, पपईचं देठ आणू का?” ते मूळचे रत्नागिरीकडचे. शाळेमागच्या चाळीत पपईची दोन झाडे आहेत, त्यांची गळलेली आणि काही न गळलेली पाने देठांसकट आली. देठ आतून पोकळ असते. एक टोक बंद ठेवून त्याच्या जवळ ब्लेडने उभी चीर पाडायची, चीर पूर्ण तोंडात जाईल असे धरायचे आणि फुंकायचे. पहिला आवाज बोकडासारखा आला. मग मामांनी लांब, मध्यम आणि आखूड अशी तीन देठे निवडून दिली आणि मुलांनी आवाजांच्या चढत्या क्रमाने ती फळ्याच्या कडेवर मांडली. त्या दिवशी प्रोजेक्टर लावलाच नाही. शेजारच्या वर्गात गणिताची चाचणी चालू असल्याचे मला नंतर, लेखी स्वरूपात, कळले.

फेब्रुवारीत समितीला अहवाल दिला: यादीतील चौदापैकी नऊ व्हिडिओ दाखवले, पाच दाखवले नाहीत, यादीबाहेरचा एक. प्रोजेक्टरच्या मेनूत दिवा किती तास चालला याची नोंद असते. ती १९ तास निघाली, आणि ‘एवढ्यासाठी एवढा खर्च?’ असा प्रश्न सभेत येईल म्हणून मी मुलांच्या अंदाजांच्या काही वह्या बरोबर नेल्या होत्या. जुलैत प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी त्यांतली एक वही बराच वेळ चाळली आणि परत देताना विचारले, “पीस खरंच एकदम पडतं?” मी लॅपटॉप उघडला, स्कॉटचे दोन्ही हात वर असताना चित्र थांबवले आणि म्हटले, “तुम्हाला काय वाटतं, ते आधी सांगा.”

नव्या वर्षाची यादी एप्रिलअखेर द्यायची आहे. दिवा, स्पीकर आणि केबल डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढले. काळ्या कापडाला बिल नसल्याने ते चढू शकत नाही, म्हणून ते घडी करून माझ्या कपाटात ठेवले आहे.